एक पत्रा शिकलेली सगुणा

सगुणेला कुणी विचारलं, की बाई तू शिकलीस किती, तर ती सांगते, "एक पत्रा." विचारणारा हसतो. त्याला वाटतं, बाई फिरकी घेते. पण सगुणा फिरकी घेणाऱ्यातली नव्हे, आणि आता साठीला टेकल्यावर तेवढं त्राणही तिच्यात उरलेलं नाही. आहे तेच ती सांगते.

हा पत्रा म्हणजे आंब्याच्या पेटीवर मार्का मारायचा पत्रा. रत्नागिरीच्या बाहेर, खाडीच्या वरच्या कातळावर सुर्व्यांची कलमांची बाग आहे. बागेत एक लांबलचक कौलारू मांगर आहे. हंगामात सगळं काम त्या मांगरात चालतं. आंबा निवडायचा, पेंढ्यात बसवायचा, पेटी ठोकायची आणि शेवटी पेटीवर बागेचं नाव उमटवायचं. त्या नावासाठी जस्ताचा एक पत्रा आहे, त्यात अक्षरं आरपार कापलेली. पत्रा लाकडावर दाबून धरायचा, काळ्या रंगात बुडवलेला चिंधीचा बोळा वरून फिरवायचा आणि पत्रा उचलायचा. खाली नाव तयार. येसूबाई बाळाजी सुर्वे, आंबा बागायत, रत्नागिरी. येसूबाई ही आताचा मालक हर्षद, त्याच्या बापाची आई. तिला जाऊन जमाना झाला, पण नाव अजून दरसाल मुंबईला जातं.

सगुणा शाळेत गेली नाही. का गेली नाही ते विचारू नका, त्या काळी वाडीवर पोरींना कोण विचारत होतं. लग्न होऊन ती सुर्व्यांच्या मांगरात पेंढा पसरायला आली तेव्हा अक्षर उभं धरायचं की आडवं हेही तिला ठाऊक नव्हतं. मार्का मारण्याचं काम तिचा नवरा लवू करायचा. लवू चौथीपर्यंत शिकलेला आणि स्वभावाने गमत्या. दुपारी तोडणीचे गडी जेवायला बसले, मांगरात ऊन भरलं आणि हाताला काम नसलं, की तो रद्दी पेपरच्या पट्ट्या फाडायचा. पत्र्यावरची बाकीची अक्षरं पट्ट्यांनी झाकायचा, दोन-तीनच उघडी ठेवायचा आणि फुटक्या फळीवर रंग मारून सगुणेला विचारायचा, "सांग, काय झाला?" येसूबाईतली पुढची दोन अक्षरं झाकली की बाई. बागायतमधली शेवटची दोन झाकली की बागा. रंग ओला असताना पत्रा सरकवून दुसरीकडचं अक्षर आणून बसवलं की सुई, गाई, बाजार, रात. अक्षराच्या डोक्यावरची मात्रा झाकता येते, पायातला उकार झाकता येतो, एकाचा काना उचलून दुसऱ्याला लावता येतो. असं करत करत सगुणा वाचायला शिकली. एवढ्या पत्र्यात जेवढी अक्षरं होती तेवढी.

त्यापलीकडचं तिने शिकून घेतलं नाही. मधे साक्षरतेच्या वर्गाची बाई घरी येऊन गेली. सगुणा म्हणाली, एवढ्यात भागतं. आणि भागायचंही. एसटी स्टँडवर रत्नागिरीची पाटी ती झोकात वाचायची. गुहागरच्या गाडीवर मधलं एक अक्षर अडायचं, पण आजूबाजूचं ओळखीचं असल्यामुळे गाडी कळायची. हेदवीच्या गाडीचं मात्र शेपूट तेवढं ओळखीचं, तिथे माणसाला विचारावं लागे. पेटीवर, पिशवीवर, भिंतीवर कुठेही तिच्या पत्र्यातलं अक्षर दिसलं की तिला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटायचं.

मुलगा झाला, विनोद. तो मांगरातच रांगला. शाळेत जाऊन सगळी बाराखडी शिकला, पण आईबरोबर खेळताना कायदा एकच, पत्र्याबाहेरचं अक्षर वापरायचं नाही. दोघं पेंढ्यावर बसून पत्र्यातले शब्द काढायचे. तो एक काढायचा, ती एक काढायची, जो आधी थकेल तो हरला. कार्टं चलाख होतं, मुद्दाम हरायचं. एकदा तिने त्याचं स्वतःचं नाव काढायचं मनावर घेतलं. सुर्वेतला व घेतला, त्याला गिरीतली वेलांटी दिली, झाला वि. रत्नागिरीतल्या जोडाक्षरातून ना सोडवला, त्याला वर मात्रा दिली, झाला नो. पण द कुठून आणणार? सगळा पत्रा पालथा घातला, द नाही. तिचं स्वतःचंही तसंच, सगु पर्यंत यायचं आणि ण नाही म्हणून अडायचं. "आपण दोघं पण अर्धीच," असं विनोद म्हणायचा आणि हसायचा.

आता पुढचं सांगायला मलाही कंटाळा येतो, पण सांगितल्याशिवाय गत नाही.

विनोद मोठा झाला आणि वाशीच्या फळबाजारात माथाडी म्हणून लागला. आमच्याकडचा पोरगा मुंबईला जायचाच, त्यात नवल नाही. तिथेच त्याने लग्न केलं, सून निशिगंधा, पोरगी चांगली. दर गणपतीला येत होता, शिमग्याला मात्र यायला जमायचं नाही, कारण तेव्हा बाजारात आंब्याची आवक सुरू झालेली असते. चार वर्षांमागे, ऐन मे महिन्यात लवू गेला. छातीत दुखतंय म्हणाला, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत संपलं. विनोदला फोन लावला तर बंद. त्या दिवसांत बाजारात रात्रंदिवस गाड्या उतरवत असतात, फोन कुठे पडलेला असतो ते त्या पोरांनाही ठाऊक नसतं. उन्हाळ्याचे दिवस, माणूस किती वेळ ठेवणार. पुतण्याने आग दिली. विनोद पोचला तिसऱ्या दिवशी, बायकोला घेऊन, खांद्याला पिशवी.

सगुणा ओटीवर उभी होती. सगळी भावकी अंगणात. ती म्हणाली, "बापाला आग द्यायला तुला वेळ नव्हता. आता मी पण तुझी आई नाय. या दारात पाय ठेवू नको."

माणूस दुःखात काहीबाही बोलतं. ऐकणाऱ्याने ते पोटात घालावं. पण ऐकणारा तिचाच मुलगा. तो म्हणाला, "बरं." एवढंच. पायरीवर ठेवलेलं पाणीसुद्धा न पिता आल्या पावली गेला. तेराव्यालाही आला नाही.

मग सगुणेने पुढचं पाऊल उचललं, तेही वाकडंच. सुर्व्यांचे आंबे वाशीला नेतो तो टेम्पोवाला बाबल्या, तो दोघांच्याही रोजच्या बघण्यातला. विनोद ज्या गाळ्यावर काम करतो त्याच गाळ्यावर ह्या बागेच्या पेट्या उतरतात, उतरवणारा बरेचदा विनोदच. बाबल्याने पहिल्याच खेपेला परत येऊन तोंड उघडलं, "वयनी, विनोद भेटला होता..." तर सगुणा म्हणाली, "त्याचं नाव पुन्हा काढलंस तर मी मांगरात येणं बंद करीन. मग बस तू पेट्या मोजत." बाबल्या घाबरला. सगुणेच्या हाताची पेटी म्हणजे मुंबईपर्यंत एक आंबा हलत नाही, अशी बाई गेली तर मालक कुणाला बोलणार? त्याने तोंडाला कुलूप घातलं. तिकडे विनोदनेही त्याला हेच सांगितलेलं असणार, कारण तिकडूनही कधी काही आलं नाही. फोन दोघांकडे होते. पण फोन लावायचा म्हणजे आधी कुणीतरी हॅलो म्हणायला हवं, आणि आधी कुणी, इथेच गाडं अडलं.

लवू गेल्यावर मार्का मारायचं काम तिच्याकडेच आलं. दोन हंगाम तिने मुकाट्याने मारलं. निवडायचं, भरायचं, ठोकलेल्या पेट्यांवर नाव मारायचं, घरी जायचं, एकटीपुरता भात टाकायचा. कधी कधी तोही टाकायचा कंटाळा यायचा. मग पेजेचं पाणी पिऊन ती आडवी व्हायची. अंग दुखायचं, पण झोप येत नव्हती. मुलगा वाशीला जिवंत आहे, धडधाकट आहे, आणि आपण त्याला दार बंद केलंय, हे रोज अंथरुणावर पडलं की नव्याने आठवायचं.

तिसऱ्या हंगामात एका दुपारी ती पत्रा पुसत बसली होती. मांगरात कुणी नव्हतं. तिने सहज पट्ट्या फाडल्या, सगळं झाकलं आणि पहिलं अक्षर तेवढं उघडं ठेवलं. स्वतः भरलेल्या एका पेटीच्या आखूड बाजूला तिने बोळा फिरवला. ये.

बस. एवढंच. कुणी विचारलं तर पत्रा सरकला म्हणता आलं असतं. पण वाशीला ती पेटी खांद्यावर घेणारा बघेल, आणि पेंढ्यावर बसून खेळलेला असेल तर समजेल.

मग प्रत्येक गाडीत अशी एक पेटी जाऊ लागली. गंमत बघा, ती पेटी विनोदच्या घरी जाणार नव्हती. तो फक्त टेम्पोतून उतरवणार आणि पुढच्या गिऱ्हाइकाला देणार. पण सगुणेचा हात त्या पेटीत हलकं फळ घालायलाच तयार होईना. रंग धरलेला, देठाशी खड्डा पडलेला, डाग नाही, ओरखडा नाही, असा एकेक आंबा ती बाजूला काढायची. मुलाला डबा भरून द्यावा तशी ती पेटी भरायची. तो हंगाम गेला. उत्तर आलं नाही. पुढच्या हंगामात, म्हणजे ह्याच वर्षी, तिने पुन्हा सुरू केलं. बाबल्या परत आला की ती त्याच्या तोंडाकडे बघायची आणि बाबल्या दुसरीकडे बघायचा.

एप्रिल संपत आला तेव्हा हर्षद मांगरात आला. हर्षद तिशीतला, शिकलेला, स्वभावाने गोड. कानाला फोन लावूनच आला. पलीकडे वाशीचा दलाल. हर्षदने फोन बंद केला आणि विचारलं, "काकी, हे पेटीवर 'ये' कोण मारतं?"

सगुणेच्या हातातला आंबा हातातच राहिला. तिला वाटलं, संपलं. आता सगळ्या मांगरासमोर बोलावं लागणार.

"मी मारते," ती म्हणाली.

"कशासाठी?"

"तसंच. थोरल्या बाईंच्या नावाचं पहिलं अक्षर."

हर्षदचा चेहरा खुलला. "अगं काकी, तिकडे गिऱ्हाईक नाव घेऊन मागायला लागलंय. ये मार्का आहे का, म्हणून विचारतात. दलाल म्हणतो, तुमच्या बागेत हा स्पेशल माल आहे आणि तुम्ही मला एकेकच पेटी पाठवता, हा काय प्रकार? लपवून ठेवता का?" आणि मग तो हसत हसत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आजपासून एक नंबरच्या सगळ्या पेट्यांवर ये मारायचं. पुढच्या वर्षी पुठ्ठ्याचे खोके छापून घेऊ, वर मोठ्ठा ये. हा पत्रा मग ठेवून देऊ आठवण म्हणून."

वाशीच्या बाजारात पेटीवरच्या प्रत्येक खुणेला भाव असतो. तिथे कुणी खूण वाचत नाही, पेटी फोडतात, फळ बघतात आणि खूण ध्यानात ठेवतात. आता त्या खुणेत आईचा जीव अडकलाय हे त्यांना कसं कळावं? त्यांचीही चूक नाही, हर्षदचीही नाही. त्याने तर सगुणेची मजुरी वाढवली, तिच्याबरोबर पेट्या भरणाऱ्या आणि मांगरातला चहा करणाऱ्या गंगुबाईला सांगितलं, काकीला चहात दूध जास्त घालत जा.

त्या दिवसापासून सगुणा सबंध दुपार ये मारत बसायची. पत्रा ठेव, दाब, बोळा फिरव, उचल. ये. पुन्हा ठेव, दाब, फिरव, उचल. ये. ये. ये. मनगट भरून यायचं, नखांत काळा रंग बसायचा तो भातात उतरायचा. ज्या अक्षरात तिने दोन वर्षं सगळं घातलं होतं, ते आता पेट्यांच्या थप्पीवर थप्पी लागून टेम्पोत चढत होतं. विनोदला आता काय वाटणार? आधी त्याने ओळखलं असेलच तर आता तो म्हणणार, अरे हा तर मार्का, मी उगाच काय समजत होतो. सगुणेला रडू आलं नाही. तिला नुसता कंटाळा आला, हाडांपर्यंत. गंगुबाईने विचारलं, "काय गो, अशी का बसलीस?" तर ती म्हणाली, "दमले गो मी." आणि ते खरं होतं.

तरी ती रोज घरी जाताना पत्र्यातली अक्षरं मनात फिरवायची. दुसरा शब्द हवा होता. घर म्हणावं तर घ नाही. माफ कर म्हणावं तर म नाही, फ नाही, क नाही. वाट बघते म्हणावं तर ट अडला. चुकले म्हणावं तर पहिल्याच अक्षराला खोळंबा. पत्रा कापणाऱ्याने बागेचं नाव कापलं होतं, तिच्या उपयोगाचं काही कापलं नव्हतं. बरी आहे म्हणावं तर ह नाही, आणि ती बरी नव्हतीही. राग हा शब्द होत होता, पण राग लिहून काय करायचं, तो तर दोघांकडे भरपूर होता.

एक शब्द मात्र तिला पहिल्यापासून माहीत होता. विनोदने लहानपणी सगळ्यांत आधी शोधलेला तोच. आंबातल्या पहिल्या अक्षरावरचं टिंब झाकायचं, आ राहतो. त्याच्यापुढे येसूबाईतली ई. आई. दोन अक्षरं, सोपी. पण ती मारायला तिचा हात धजत नव्हता. ये म्हणण्यात काय, तो हुकूम आहे, हुकूम देताना मान ताठ ठेवता येते. पण आई लिहायचं म्हणजे भर अंगणात, सगळ्या भावकीसमोर जे बोलली ते परत घ्यायचं. तुझी आई नाय, असं ती म्हणाली होती. त्याच तोंडाने, म्हणजे त्याच हाताने आता लिहायचं, की आहे.

मेच्या मध्याला आंबा उतरणीला लागला. तोडणीचे गडी निम्मे झाले, बारीक माल कॅनिंगला जाऊ लागला, वाशीच्या गाड्या एक दिवसाआड निघायला लागल्या. हर्षद पुठ्ठ्याच्या खोक्याचा नमुना घेऊन आला, गुळगुळीत, पिवळा, वर हिरव्या रंगात ये. "बघ काकी, तुझं अक्षर." तिने हात फिरवून बघितलं. अक्षर हाताला लागत नव्हतं. पुढच्या वर्षी पत्रा भिंतीला लागणार, आणि मग तिच्याकडे लिहायला काहीच उरणार नाही, हे तिला तेव्हा नीट कळलं.

त्याच दुपारी तिने एक पेटी भरली. सगळे जेवायला गेले होते. तिने टिंब झाकलं, बाकी सगळं झाकलं आणि आ मारला. पत्रा सरकवला, ई मारली. पत्रा जरासा हलला, ईचा शेंडा थोडा पसरला. तिने तो पुसला नाही. पेटी थप्पीच्या मधोमध लावली आणि बाबल्या टेम्पो लावायला आला तेव्हा त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

बाबल्या गेला आणि आला. काही नाही. पुन्हा गेला आणि आला. काही नाही. सगुणेला ताप भरला. हर्षद म्हणाला, काकी, दोन दिवस घरी राहा. ती म्हणाली, घरी राहून काय करू? खरं तर घरी राहिली तर टेम्पो आलेला दिसला नसता. तापातच ती मांगरात भिंतीला टेकून बसायची आणि गंगुबाई पेटी भरायची तेव्हा तिला हे नको ते घाल म्हणून सांगायची. मनात म्हणायची, झालं, आपण आपल्याकडून केलं. आता तो येवो न येवो. पण असं म्हणून मन ऐकत नाही, ते तिचंही ऐकलं नाही.

तिसऱ्या खेपेला बाबल्या आला तो टेम्पोतून उतरून सरळ तिच्याकडे आला. त्याच्या हातात एक रिकामी पेटी होती. वाशीला गेलेली पेटी कधी परत येत नाही, तिथल्या तिथे फुटते नाहीतर सरपणाला जाते. बाबल्याने पेटी तिच्यापुढे ठेवली आणि म्हणाला, "गाळ्यावर एकाने दिली. कुणी दिली ते सांगू नको म्हणाला. मी काय सांगत नाय."

तीच पेटी. आखूड बाजूला तिने मारलेले दोन अक्षरांचे ठसे, पसरलेली ई. त्याच्या खाली कुणीतरी जाड काळ्या पेनने, अक्षर न् अक्षर सुटं करून, पहिलीतल्या पोराने पाटीवर काढावं तसं लिहिलं होतं. बारावी झालेला माणूस असं लिहीत नाही. त्याने आईसाठी लिहिलं होतं, आईला वाचता येईल असं, तिच्याकडे होती तेवढ्याच अक्षरांत.

सगुणेने बोट ठेवलं. पहिलं अक्षर आ. ते आंब्यातलं. दुसरं जी. ते बाळाजीतलं. आ, जी. तिने पुन्हा बोट फिरवलं. चुकलं असेल, आई लिहायचं असेल. पुन्हा वाचलं. त्याच्यापुढे थोडी जागा सोडून आणखी एक अक्षर होतं, तिच्या रोजच्या हातातलं.

आजी ये.

हंगामभर ते अक्षर मारून मारून तिच्या लेखी त्याचा लाकडाचा ढलपा झाला होता. आज पहिल्यांदा ते कुणीतरी तिला म्हणत होतं. आणि म्हणणारं माणूस मुलगा नव्हे. मुलाच्या घरात आजी म्हणणारं कुणीतरी आलंय आणि तिला खबर नाही.

"बाबल्या," ती म्हणाली. "मुलगा की मुलगी?"

बाबल्याने सुटकेचा श्वास टाकला. "मुलगी. वर्षाची होईल आता. धरून धरून उभी राहते."

"मेल्या, आणि मला बोलला नाहीस?"

"तूच बोलू दिलं नाहीस वयनी. त्याचं नाव काढू नको म्हणालीस. त्याचं न काढता त्याच्या पोरीचं कसं काढू?" बाबल्या तिच्याशेजारी पेंढ्यावर बसला. "बाळंतपणात सुनेचे लय हाल झाले. तो मला म्हणाला होता, आईला सांग. मग म्हणाला, नको सांगू, ती बोलली ते खरं करणारी बाई आहे. आणि ते ये... ते त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं वयनी. पेटी बाजूला ठेवली, गिऱ्हाइकाला द्यायलाच तयार नाय, मालकाच्या शिव्या खाल्ल्या. पण म्हणाला, ती ये म्हणते, पण दारात पाय ठेवू नको म्हणाली होती त्याचं काय? त्यावर काहीच म्हणत नाय. आता तू ते आई मारलंस ना, ते बघून पेटी विकतच घेतली त्याने. आंबे घरी नेले."

म्हणजे निदान एकदा तरी तिच्या हातचा आंबा त्याच्या घरी गेला. तिला एकदम रडायला आलं आणि तिने ते येऊ दिलं. गंगुबाई लांबून बघत होती, उठून आली नाही, शहाणी बाई.

बऱ्याच वेळाने सगुणेने डोळे पुसले आणि विचारलं, "नाव काय ठेवलंय?"

"शमिका."

"कशी अक्षरं त्याची?"

बाबल्याने बोटाने धुळीत लिहून दाखवलं. सगुणेने एकेक अक्षर बघितलं. मग तिने पत्रा मांडीवर ओढला आणि सवयीने येसूबाईपासून सुरुवात केली. एवढी वर्षं त्यातून तिने सुया काढल्या, गाई काढल्या, मुलाला हाक मारली. तिने शेवटपर्यंत बोट फिरवलं, परत उलटं फिरवलं. शमिकातलं एकही अक्षर त्यात नव्हतं.

तिने पत्रा बाजूला ठेवला. गुडघ्यावर हात टेकून, भिंत धरून ती उठली, कळ आली तशी थोडी थांबली. अंगात अजून तापाची कसर होती. आयुष्यात ती रत्नागिरीच्या पुढे कधी गेली नव्हती.

"परत कधी निघणार तू?" तिने बाबल्याला विचारलं.

"पेट्या चढवल्या की."

"मग चढव लवकर," सगुणा म्हणाली. "आणि पुढे तुझ्या बाजूला बसायला जागा ठेव."